साउंड कार्डने मोजताय? आधी त्याच्या ड्रायव्हरची परीक्षा घ्या



मागच्या आठवड्यात पेटची तयारी करणाऱ्या एका ज्युनिअरने विचारलं, "ताई, आमच्या कॉलेजात ऑसिलोस्कोप एकच आहे आणि त्याच्यापुढे कायम रांग. लॅपटॉपच्या माइकच्या जॅकमधून रीडिंग घेतलं तर चालतं का?" मी म्हटलं, चालतं. मी स्वतः पीएचडीचं पहिलं दीड वर्ष तेच केलंय. पण एक अट आहे. त्या जॅकच्या मागे जो ड्रायव्हर बसलाय आणि पडद्यावर त्याचं जे कंट्रोल पॅनल दिसतं, त्याची आधी नीट परीक्षा घ्यायची. मी ती घेतली नव्हती, आणि त्याची किंमत मोजली.

म्हणून आजची पोस्ट म्हणजे एक परीक्षण आहे. मोबाइलच्या रिव्ह्यूमध्ये असतं तसं "दिसायला छान, पाचपैकी साडेतीन तारे" असलं परीक्षण नाही. साउंड कार्डचा ड्रायव्हर आणि त्याचं पॅनल हे मोजमापाचं साधन म्हणून कसं आहे, एवढाच प्रश्न. गाणी ऐकायला किंवा ऑनलाइन मीटिंगला ते उत्तम असेलही. आपलं गिऱ्हाईकपण वेगळं आहे.

आधी माझी फजिती

माझा विषय तबल्याच्या पुडीची कंपनं. साध्या ताणलेल्या पडद्याचे स्वर एकमेकांच्या पूर्णांक पटीत नसतात, त्यामुळे साधा ढोल 'सुरात' लागत नाही. तबल्याच्या शाईमुळे हे गणित बदलतं आणि पहिले काही स्वर जवळपास पूर्णांक पटीत येतात. सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्याबरोबर १९२० मध्ये 'नेचर'मध्ये हे मांडलं होतं. मला त्यातला एक छोटा तुकडा हवा होता: शाईचा थर जाड होत गेला की आवाज किती लवकर विरतो?

मांडणी अगदी साधी. पुडीवर एक छोटा लोलक दर वेळी सारख्याच उंचीवरून आपटायचा, वर माइक, माइकची वायर लॅपटॉपमध्ये. आवाजाचा आयाम लॉगरिदमवर काढला की सरळ रेष यायला हवी. तिचा उतार म्हणजे डॅम्पिंग.

माझी रेष सरळ आली नाही. अर्ध्यापर्यंत सरळ, मग अचानक जास्त उताराची. दर वेळी. आता गंमत अशी की याला भौतिकशास्त्रात चांगलं स्पष्टीकरण आहे. शाई हा एकसंध थर नसतो, त्यात भेगांचं बारीक जाळं असतं. भेगांच्या कडा एकमेकींवर घासल्या तर कोरडं घर्षण येतं, आणि कोरड्या घर्षणात आयाम कमी झाला की विरण्याचा वेग लॉग आलेखावर वाढलेलाच दिसतो. माझ्या आलेखात तेच तर दिसत होतं! मी दोन रात्री झोपले नाही. एका परिषदेला गोषवारा पाठवूनसुद्धा टाकला.

ग्रुप मीटिंगला सरांनी आलेख पाहिला आणि एकच विचारलं, "हा बाक पुडीचा आहे की कार्डाचा?"

मला राग आला होता, खरं सांगते. पण दुसऱ्या दिवशी तपासलं. संगणकावर गणिताने बनवलेला, विरत जाणारा एक स्वर घेतला. सूत्रानेच बनवलेला, म्हणजे त्याची रेष सरळ असणारच. तो एका जुन्या प्लेअरमधून वाजवला, ऑसिलोस्कोपवर पाहिला: सरळ. तोच वायरने, पातळी कमी करून, लॅपटॉपच्या माइक जॅकमध्ये सोडला. रेकॉर्डिंगमध्ये बाक आला. त्याच पातळीला, तसाच. तिथे ना पुडी होती ना शाई.

पॅनल उघडलं तर 'नॉइज सप्रेशन'वर टिक. मी ती जूनमध्ये स्वतः काढली होती. मधे ऑपरेटिंग सिस्टीमचं एक अपडेट आलं, त्याने ड्रायव्हर नव्याने बसवला आणि टिक आपोआप मूळ जागी परतली. पडद्यावर ना सूचना, ना काही. पुडीचा आवाज एका पातळीखाली गेला की ड्रायव्हर त्याला 'गोंगाट' समजून दाबत होता. सव्वीस दिवसांची रीडिंग फेकली. गोषवारा मागे घेतल्याची मेल लिहिली, ती दोन ओळींची मेल लिहायला एक तास लागला.

कार्ड कुठल्या कंपनीचं होतं ते सांगत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाही.

तीन थर, आणि आपण फक्त एक बघतो

साउंड कार्ड म्हणताना आपण तीन गोष्टी एकात घालतो. पहिली, खरं यंत्र: आत येणाऱ्या व्होल्टेजचे सेकंदाला ठरावीक वेळा आकडे करणारी चिप. दुसरी, ड्रायव्हर: चिप आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांच्यातला दुभाषा. तिसरी, पॅनल: दुभाष्याला सूचना देण्यासाठी आपल्यापुढे ठेवलेली खिडकी. दुभाषा चांगला असेल तर तो जाणवत नाही. पण हा दुभाषा कधीकधी स्वतःच्या मनाचं घालतो, आणि खिडकीत ते दिसेलच असं नाही.

हे आजचं नाही. १९९७ च्या सुमाराला आलेल्या एसी-९७ या मानकात मूळ दर ४८ किलोहर्ट्झ धरलेला होता. १९९८ मध्ये आलेल्या साउंड ब्लास्टर लाइव्हची चिप आतून ४८ किलोहर्ट्झवरच चालायची. सीडीचा ४४.१ किलोहर्ट्झचा आवाज दिला तरी आत तो ४८ मध्ये बदलला जायचा. गाणं ऐकणाऱ्या बहुतेकांना कळलंही नाही, पण मोजणाऱ्यांना स्पेक्ट्रममध्ये नको ते स्वर दिसले. २००४ मध्ये इंटेलचं हाय डेफिनिशन ऑडिओ मानक आलं आणि दर १९२ किलोहर्ट्झपर्यंत गेला. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा सर्वांसाठी आलं, तेव्हा मायक्रोसॉफ्टने आवाजाची सगळी यंत्रणा नव्याने लिहिली. त्यात दोन रस्ते झाले. 'सामायिक' रस्त्यावर सगळ्या प्रोग्रामांचे आवाज एकत्र येतात, एका ठरावीक दरात बदलले जातात आणि वाटेत 'सुधारणा' लावता येतात. 'स्वतंत्र' रस्त्यावर एकच प्रोग्राम यंत्र ताब्यात घेतो आणि मधली मिसळ बहुतांशी टळते.

स्टुडिओवाल्यांनी या दुखण्यावर आधीच औषध काढलं होतं. स्टाइनबर्गचं एसिओ १९९७ चं. त्याचा हेतूच हा की मधले थर टाळून प्रोग्रामने थेट यंत्राशी बोलावं. संगीतकारांना उशीर नको होता, आपल्याला ढवळाढवळ नको आहे. दोघांचा रस्ता एकच.

परीक्षणाचे निकष

संशोधनाच्या तयारीत असाल तर ही सवय आत्ताच लावून घ्या: साधन उघडण्याआधी निकष कागदावर लिहायचे. नंतर लिहिले की साधनाला जे जमतं तेच आपण निकष म्हणून लिहितो. माझे चार आहेत.

एक, पॅनल जे दाखवतं ते एककात दाखवतं का? दोन, न सांगता काही करतं का? तीन, केलेली मांडणी त्याच्या लक्षात राहते का, आणि मला ती कागदावर उतरवून घेता येते का? चार, त्याला पूर्ण बाजूला सारता येतं का?

लॅपटॉपमधलं नेहमीचं पॅनल

पहिला निकष. माइकची पातळी दाखवणारी पट्टी ० ते १०० अशी असते. ५० म्हणजे काय? निम्मं व्होल्टेज? निम्मी ऊर्जा? यातलं काहीच नाही, तो फक्त पट्टीचा मधला भाग आहे. प्रबंधात "पातळी ५० ठेवली" असं लिहिलं तर दुसऱ्या यंत्रावर ते कुणालाच परत करून बघता येणार नाही. विंडोजच्या जुन्या साउंड खिडकीत मात्र एक छान गोष्ट लपलेली आहे: पातळीच्या आकड्यावर राइट क्लिक केलं की डेसिबलचा पर्याय येतो. म्हणजे खरा आकडा यंत्रणेला ठाऊक आहे, पण तो दाराआड ठेवलाय. मला या पॅनलचा सर्वात जास्त राग इथेच येतो. माहिती नसणं समजू शकते, पण असलेली माहिती लपवणं नाही.

त्याच खिडकीत 'माइक बूस्ट' असतो, आणि तो बहुधा डेसिबलमध्येच असतो: ०, १०, २०, ३०. शाबास. पण लक्षात ठेवा, २० डेसिबल म्हणजे आयाम दहापट आणि ३० म्हणजे जवळजवळ बत्तीसपट. एका ढकलीत तुमचा सिग्नल छताला जाऊन आपटतो आणि वरची टोकं कापली जातात.

मग दराची यादी. '१६ बिट, ४४१०० हर्ट्झ' समोर 'सीडी क्वालिटी', '४८०००' समोर 'डीव्हीडी क्वालिटी', २४ बिटांसमोर 'स्टुडिओ क्वालिटी'. हे शब्द फाइलच्या आकाराबद्दल आहेत, यंत्राच्या गुणाबद्दल नाहीत. १६ बिटांची सैद्धांतिक मर्यादा सुमारे ९६ डेसिबल आणि २४ बिटांची १४४. लॅपटॉपच्या आत, पंखा आणि पॉवर सप्लायच्या शेजारी बसलेल्या माइक सर्किटला ९६ गाठणंही जड जातं. उरलेले बिट गोंगाटच मोजतात. पातेलं मोठं घेतलं म्हणून दूध वाढत नाही.

दुसरा निकष, न सांगता काही करणं. इथे हे पॅनल नापास, आणि वाईट नापास. नॉइज सप्रेशन आणि प्रतिध्वनी काढणं हे पर्याय अनेक यंत्रांवर मुळातच चालू असतात. काही ठिकाणी आपोआप पातळी वाढवणारी सोयही असते. शिवाय 'कम्युनिकेशन्स' नावाचा एक टॅब आहे, तिथे फार कुणी जात नाही. त्याची मूळ मांडणी अशी: कॉल आला की बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी कमी करा. विचार करा, तुम्ही स्पीकरमधून चाचणीचा स्वर सोडताय, रीडिंग चालू आहे आणि लॅपटॉपवर कुणाचा तरी कॉल येतो. स्वर खाली जातो, कॉल संपला की परत वर येतो. तुमच्या आलेखात एक दरी तयार होते आणि तुम्ही तिचं कारण नळीत शोधत बसता.

याउलट आवाज सजवायच्या सोयी किती! न्हाणीघर, गुहा, दगडी बोळ, पाण्याखाली, अगदी गटाराचा पाइपसुद्धा. ही यादी गेम खेळणाऱ्यांसाठीच्या ईएएक्समधून आली आणि पुढे साध्या पॅनलांमध्येही दिसू लागली. वीसेक जागा नकली बनवता येतात, पण "आत्ता सिग्नलवर नेमकं काय काय लावलेलं आहे" हे सांगणारी एक ओळ नाही.

तिसरा निकष, स्मरण. मांडणी सेव्ह करून फाइलमध्ये काढायची सोय बहुधा नसतेच. माझ्यासारखं अपडेटनंतर सगळं मूळपदावर येऊ शकतं. चौथ्या निकषावर मात्र थोडे मार्क देते: 'स्वतंत्र ताबा घेऊ द्या' ही टिक आहे, 'सर्व सुधारणा बंद' हीसुद्धा बऱ्याच ठिकाणी आहे. पण चिपच्या आतच प्रक्रिया होत असेल तर ही टिक तिथवर पोचत नाही. म्हणून टिकेवर विश्वास ठेवायचा नाही, चाचणीवर ठेवायचा.

दुसऱ्या घरी काय परिस्थिती?

लिनक्सवर अल्सा आहे. २००३ च्या शेवटी आलेल्या २.६ कर्नलपासून ते मुख्य प्रवाहात आहे. त्याचं पॅनल, अल्सामिक्सर, दिसायला रूक्ष. काळा पडदा आणि उभ्या पट्ट्या, नावं अशी की पहिल्यांदा बघणारा घाबरतो. पण निवडलेल्या पट्टीचा डेसिबल आकडा ते वर सरळ लिहितं. आणि सगळी मांडणी एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये साठवता येते. ती फाइल रीडिंगच्या फोल्डरमध्ये टाकली की तीन वर्षांनीही सांगता येतं, त्या दिवशी काय होतं. माझ्या दृष्टीने हा एकच गुण दहा सुंदर खिडक्यांच्या तोडीचा आहे. तोटा असा की अल्साच्या वर पल्सऑडिओ किंवा पाइपवायर बसलेलं असतं आणि तेही दर बदलतं. पल्सऑडिओचा मूळ दर ४४.१, पाइपवायरचा ४८ किलोहर्ट्झ. वरच्या मजल्यावर काय चाललंय हे खालच्या मजल्याच्या खिडकीतून दिसत नाही.

बाहेरून यूएसबीने जोडायच्या इंटरफेसचं काय? इथे चित्र बरंच सुधारतं. बरेचसे ठरलेल्या यूएसबी ऑडिओ मानकानुसार चालतात, त्यामुळे कंपनीचा वेगळा ड्रायव्हर लागतोच असं नाही. विंडोजमध्ये त्या मानकाच्या दुसऱ्या आवृत्तीचा स्वतःचा ड्रायव्हर २०१७ मध्ये विंडोज १० च्या अपडेटमधून आला. वरच्या किमतीत गेलात तर आरएमईच्या टोटलमिक्ससारखी पॅनलं मिळतात: प्रत्येक पट्टीला डेसिबल, कुठला सिग्नल कुठे जातो त्याचा तक्ता, मांडणी साठवायची सोय. पॅनल असं असू शकतं याचा तो पुरावा आहे, म्हणजे "हे तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे" ही सबब चालत नाही. पण किंमत रिसर्च स्कॉलरच्या खिशाची नाही.

स्वस्त इंटरफेसमध्ये पातळीसाठी गोल खुंटी असते. ती कुठलंही अपडेट फिरवू शकत नाही, हा मोठा फायदा. तोटा म्हणजे तिच्यावर बहुधा आकडे नसतात. आमच्या लॅबमध्ये खुंटीवर पांढऱ्या शाईचा ठिपका आणि भोवती कागदी पट्टी आहे. हसू नका, एककाचा प्रश्न पाच रुपयांत अर्धा सुटला.

तुम्ही करायच्या पाच चाचण्या

आता हाताला काम. या चाचण्यांना एक वायर, एक दुसरं वाजवणारं यंत्र आणि पायथॉन किंवा ऑडासिटीसारखा प्रोग्राम पुरतो. आधी एक इशारा: स्पीकरला जाणारं आउटपुट थेट माइक जॅकमध्ये घालू नका, मधे रोधांची जोडी टाकून पातळी कमी करा. आणि माइक जॅकवर माइकसाठी काही व्होल्टेज असतं हेही विसरू नका.

पहिली, पायऱ्यांची चाचणी. एकच स्वर दर वेळी १० डेसिबलने कमी करत सोडा, सहा पायऱ्या. रेकॉर्डिंगमध्येही १०-१० नेच उतरला पाहिजे. कमी उतरला तर कुणीतरी पातळी आपोआप वाढवतंय. शेवटच्या पायऱ्यांना जास्त उतरला तर कुणीतरी क्षीण आवाज दाबतंय. मी ही एक चाचणी जूनमध्ये आणि मग दर सोमवारी केली असती तर सव्वीस दिवस वाचले असते.

याने किती फरक पडतो? समजा ३०० हर्ट्झचं कंपन आहे आणि आयाम पाव सेकंदात सुमारे ३७ टक्क्यांवर येतो. क्यू-फॅक्टर येतो साधारण २३६, आणि आवाज सेकंदाला सुमारे ३५ डेसिबलने उतरतो. ड्रायव्हरने शेपटीकडे तोच उतार ७० केला आणि तुम्ही त्या भागावर रेष बसवली, तर क्यू-फॅक्टर ११८. निम्मा! आणि रेष इतकी छान बसते की शंकाही येत नाही.

दुसरी, एक मिनिटाची चाचणी. एकच स्थिर स्वर साठ सेकंद सोडा आणि पातळी वेळेनुसार काढा. नॉइज सप्रेशन सतत, न बदलणाऱ्या आवाजाला गोंगाट समजतं, कारण पंखा तसाच असतो. स्वर काही सेकंदांत हळूहळू खाली जाऊ लागला तर चोर सापडला.

तिसरी, दराची चाचणी. पॅनलमध्ये ४८ किलोहर्ट्झ ठेवा आणि प्रोग्रामला ९६ मागा. बरेच साधे प्रोग्राम तक्रार न करता ९६ ची फाइल देतात. तिचा स्पेक्ट्रम काढा. २४ किलोहर्ट्झच्या वर गोंगाटसुद्धा नसेल, एकदम कडा तुटल्यासारखी दिसेल, तर वरचे आकडे भरीचे आहेत. तसंच २४ बिटांच्या फाइलमधले सगळे आकडे २५६ ने भागले जात असतील, तर आत १६ च बिट आहेत.

चौथी, गळतीची चाचणी. मोठ्या रेकॉर्डिंगमध्ये मधले तुकडे गळतात का? एक स्वर अर्धा तास रेकॉर्ड करा आणि त्याची फेज बघत जा. तुकडा गळला की फेज उडी मारते. इथे मी एक मजेशीर चूक केली होती. मी स्वर घेतला १००० हर्ट्झ, गोल आकडा म्हणून. विंडोजच्या सामायिक रस्त्यावर आवाज १० मिलिसेकंदांच्या तुकड्यांनी जातो. १० मिलिसेकंदांत १००० हर्ट्झची बरोब्बर दहा आवर्तनं होतात. म्हणजे अख्खा तुकडा गळला तरी फेज जिथल्या तिथे! चाचणी पास, यंत्र नापास. १०३७ हर्ट्झ घ्या, मग एक तुकडा गळला की फेज १३३ अंशांनी हलते आणि लगेच दिसते. चाचणीचा आकडा निवडतानाही विचार करायचा असतो, हे मी त्या दिवशी शिकले.

पाचवी, उशिराची चाचणी. ध्वनीचा वेग मोजायचा प्रयोग बरेच जण साउंड कार्डवर करतात. ५१२ नमुन्यांचा बफर ४८ किलोहर्ट्झला सुमारे १०.७ मिलिसेकंद खातो. तेवढ्या वेळात हवेत आवाज साडेतीन मीटरच्या पुढे जातो. तुमची नळी असते एक मीटरची. पॅनलवर दाखवलेला उशीर वजा करून चालत नाही, कारण तो प्रत्येक वेळी तेवढाच असेल याची हमी नाही. उपाय सोपा: सोडलेलाच सिग्नल वायरने एका चॅनेलवर परत घ्या, माइक दुसऱ्या चॅनेलवर, आणि दोघांतला फरक मोजा. दोन्ही चॅनेल एकाच घड्याळावर चालतात, उशीर दोघांना सारखाच लागतो आणि वजाबाकीत जातो. दोन वेगळी कार्डं मात्र वापरू नका. घड्याळांत दहा लाखात ५० चा फरक असला तरी तासाभरात ०.१८ सेकंदांची तफावत पडते.

पॅनलची बाजूही ऐकू

इतकं बोलून झाल्यावर न्यायाला धरून एक गोष्ट. हे पॅनल माझ्यासाठी बनवलेलंच नव्हतं. ते बनवलंय कुकरच्या शिट्ट्या आणि रस्त्यावरचे हॉर्न चालू असताना ऑनलाइन इंटरव्ह्यू देणाऱ्या मुलीसाठी. तिच्यासाठी नॉइज सप्रेशन मुळात चालू असणं हाच बरोबर निर्णय आहे. डेसिबलचा आकडा बघून ती गोंधळेल, पट्टी तिला पुरते. लॉकडाउनमध्ये माझी प्री-पीएचडी व्हायवा याच दाबादाबीमुळे नीट ऐकू गेली, हेही कबूल करते.

तेव्हा माझी तक्रार 'सुधारणा' असण्याबद्दल नाही. ती दोन गोष्टींबद्दल आहे. एक, मी स्पष्ट नाही म्हटलेलं असताना यंत्रणा ते विसरते आणि सांगत नाही. दुसरी, विचारायची इच्छा असली तरी विचारता येत नाही. "आत्ता सिग्नलवर काय लावलंय?" या प्रश्नाला एका ओळीचं उत्तर देणारं बटण ठेवलं असतं तर इंटरव्ह्यूवाल्या मुलीचं काही बिघडलं नसतं.

आणि अर्धी चूक माझी. मी जूनमध्ये टिक काढली आणि 'झालं' म्हणून वहीत लिहिलं. मांडणी ही एकदा करायची गोष्ट नसते, ती दर वेळी तपासायची असते. भौतिक तराजूचा काटा शून्यावर आहे का, हे आपण अकरावीपासून प्रत्येक प्रयोगाआधी बघतो. लॅपटॉपपुढे बसलो की ते विसरतो, कारण त्याला काटा दिसत नाही.

निकाल

लॅपटॉपचं नेहमीचं पॅनल: शिकण्यासाठी, वारंवारता मोजण्यासाठी चालेल. स्वर किती हर्ट्झचा आहे हे दाबादाबीतही बहुधा टिकतं. आयाम, विरण्याचा वेग, पातळीची तुलना यासाठी वरच्या पहिल्या दोन चाचण्या केल्याशिवाय अजिबात नाही. लिनक्स आणि अल्सामिक्सर: थोडं डोकं लावायची तयारी असेल तर विद्यार्थ्यांसाठी सर्वात प्रामाणिक. खुंटीवाला स्वस्त यूएसबी इंटरफेस: शक्य असेल तर डिपार्टमेंटला एक घ्यायला लावा, आणि ठिपका काढायला विसरू नका.

प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणात काय लिहायचं? फक्त कार्डाचं नाव पुरत नाही. ड्रायव्हरची आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टीम, सामायिक की स्वतंत्र रस्ता, दर आणि बिट, पातळी डेसिबलमध्ये, बंद केलेल्या सुधारणांची यादी आणि पायऱ्यांच्या चाचणीचा आलेख. रोज रीडिंग सुरू करण्याआधी पॅनलचा स्क्रीनशॉट, तारखेसह. पाच सेकंदांचं काम आहे.

माझ्या पुडीचं पुढे काय झालं विचाराल, तर सगळी रीडिंग परत घेतली. रेष सरळ आली. शाईचं कोरडं घर्षण वगैरे काही सापडलं नाही, निदान माझ्या मोजमापात नाही. कंटाळवाणा निकाल, पण आता सरांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला तर माझ्याकडे उत्तराचा आलेख आहे.

तुम्हाला मुलाखतीत कुणी विचारलं की "संशोधन म्हणजे काय?", तर मोठ्या व्याख्या देण्याआधी तुमच्या लॅपटॉपवर पायऱ्यांची चाचणी एकदा करून बघा. काय निघालं ते खाली नक्की लिहा. बाक आला तर घाबरू नका, तो तुमचा नाही हे तुम्हाला आता दाखवता येतं.